जठर फुगा

जठर फुगा किंवा गॅस्ट्रिक बलून हा लठ्ठपणावरील शस्त्रक्रियाविरहित व तात्पुरता उपचार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश स्त्री-पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे.

कार्यपद्धती

सिलिकॉनचा रिकामा फुगा तोंडावाटे, एंडोस्कोपीच्या साहाय्याने जठरात सोडून त्यात साधारणतः ४०० ते ७०० मिलिलिटर सलाईन भरतात. फुग्याने जागा व्यापल्यामुळे व जठर सावकाश रिकामे होत असल्यामुळे थोड्या अन्नाने पोट भरते. सलाईनमध्ये मिसळलेल्या मिथिलीन ब्लू या रंगामुळे फुगा गळल्यास लघवी निळसर-हिरवी होते. सुमारे सहा महिन्यांनी फुगा काढतात. गिळता येणारा ॲल्युरियन फुगा मात्र सुमारे चार महिन्यांनी आपोआप रिकामा होऊन शौचावाटे बाहेर पडतो.

इतिहास

अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळालेला गॅरेन-एडवर्ड्स फुगा जठराला होणाऱ्या इजा व अपुरा परिणाम यांमुळे मागे पडला. १९८७ साली फ्लॉरिडातील परिषदेत तज्ज्ञांनी गुळगुळीत, टिकाऊ व द्रवाने भरलेल्या फुग्याची शिफारस केली. अशा रचनेच्या ऑर्बेरा फुग्याला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

धोके व मर्यादा

पहिले काही दिवस मळमळ, उलट्या व पोटदुखी होते. क्वचित व्रण, आतड्यात अडथळा किंवा जठराला छिद्र पडते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वादुपिंडदाह व मृत्यूंच्या घटनांबाबत इशारा दिला. गर्भवती तसेच पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींना हा उपचार सहसा वर्ज्य असतो. आहार व व्यायामाच्या सवयी न बदलल्यास फुगा काढल्यानंतर वजन पुन्हा वाढू शकते.