छपराची वर्गणी

मुंबईस काळाघोड्यापाशी डेव्हिड ससून वाचनालयाची दगडी वास्तू आहे. टाकसाळ व सरकारी गोदी येथील तरुण यंत्रकारांनी १८४७ साली ह्या संस्थेचे बीज पेरले. पुढे ससूनशेटांनी इमारतीसाठी ६०,००० रुपये दिले. १८७० मध्ये ती पुरी झाली. दात्याचा पुतळा तेथे आहेच. पण छप्पर गळू लागले म्हणजे पुतळा थोडाच धावून येतो! मूळच्या उतरत्या छपराच्या जागी पुढे काँक्रीट आले होते. देणग्या गोळा झाल्या, तेव्हा कुठे २०२३ साली ते उतरते छप्पर परत लाभले. बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते, दुरुस्तीस वर्गणी देणाऱ्याचे क्वचितच. तथापि ग्रंथ तगतात ते ह्या दुसऱ्या दानावरच. श्रोतेहो, आपल्या गावच्या वाचनालयात बसून आपण कधी मान वर करून पाहिले आहे काय?