जळक्या तेलाचा वास (मोटारगाडीतील)

इंजिनातले ऑइल गळून तापलेल्या भागावर पडले किंवा इंजिनाच्या आत इंधनासोबत जळू लागले, की येणारा उग्र, घशाला खवखव आणणारा वास. साध्या इंजिन ऑइलची वाफ साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी होते. सिलिंडरांतून धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र चढावर, भरलेल्या गाडीत याच्या दुपटीहून जास्त तापतो. त्यामुळे दोन-चार थेंबही पुरतात. पार्किंगच्या फरशीवर डाग नाही, डिपस्टिकवरची पातळी ठीक आहे आणि तरी वास येतो, याचे कारण हेच: तेल जमिनीपर्यंत पोचण्याआधीच जळून जाते.

बहुतेक गाड्यांत केबिनमध्ये बाहेरची हवा काचेच्या पायथ्याशी, बॉनेटला लागून असलेल्या जाळीतून येते. गाडी सिग्नलला थांबली की बॉनेटखालची वाफ तिथेच रेंगाळते आणि पंख्यावाटे आत ओढली जाते. धावत्या गाडीत वास नाही पण थांबल्यावर येतो, आणि आतलीच हवा फिरवणारे बटण दाबल्यावर कमी होतो, तर गळती बॉनेटखाली असल्याचा संशय पक्का होतो.

नेहमीचा आरोपी म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, म्हणजे टॅपेट कव्हरचे, पॅकिंग. उष्णतेने रबर वर्षांनुवर्षे कडक होत जाते, आणि तेल कडेने झिरपून थेट मॅनिफोल्डवर उतरते. स्पार्क प्लगच्या खड्ड्यांची सील गेल्या असतील तर प्लगभोवती तेल साचते, इंजिन अडखळू लागते. त्याखालोखाल ऑइल फिल्टर, इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरचा नट, क्रँकची पुढची-मागची सील आणि टर्बोचे ऑइल पाइप. सर्व्हिसिंगहून गाडी आणल्यावर लगेच वास आला, तर बहुधा फिल्टर काढताना सांडलेले तेल जळत असते आणि ते लवकरच संपते. संपले नाही, तर ऑइल भरायचे झाकण आणि फिल्टर पाहावा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला गेला, तर गळती होतेच.

वासाचे मूळ सोडून परिणामावर इलाज केला तर काय होते, याचा धडा अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ३.८ लिटर व्ही-६ इंजिनाने दिला. जोराचा ब्रेक लागला की तेलाचे थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत आणि आग लागे. २००८ आणि २००९ मध्ये कंपनीने गाड्या परत बोलावल्या. त्या वेळी भर होता ज्वाळा पसरवणारी, प्लगच्या वायरींची प्लॅस्टिक पट्टी काढण्यावर. तेल झिरपत राहिले. दुरुस्त झालेल्या १,३०० हून अधिक गाड्या पेटल्यावर, ऑक्टोबर २०१५ मध्ये पाँटिअॅक, ब्यूइक, शेव्हरोले आणि ओल्ड्समोबिल या नावांच्या सुमारे १४ लाख जुन्या गाड्या पुन्हा बोलावण्यात आल्या. या खेपेला कव्हरच्या पॅकिंगलाच हात घातला गेला.

सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर दुखणे आतले आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच धुराचा एक लोट येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील. रेस देताना सतत धूर, तर पिस्टन रिंग किंवा टर्बो. गाडी 'ऑइल खाते' ती अशी. ही दुरुस्ती लांबवणे महागात पडते, कारण ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो.

जळण्याचा प्रत्येक वास तेलाचा नसतो. खंडाळा किंवा कसारा घाटात गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी धरली की क्लच प्लेट जळते; तो वास करपलेल्या कागदासारखा असतो. कूलंटचा वास गोडसर, वायरींचा प्लॅस्टिकसारखा. रस्त्यावरची प्लॅस्टिक पिशवी सायलेन्सरला चिकटून वितळल्याने माणसे घाबरून गॅरेज गाठतात, हेही नित्याचेच.

तपासात सर्वांत मोठी चूक म्हणजे ओले दिसेल तो भाग बदलणे. तेल उतरत जाते आणि वारा ते मागे फेकतो, म्हणून गळतीची जागा नेहमी ओलाव्याच्या वर आणि पुढे शोधावी. थंड इंजिन डिग्रीझरने पुसून स्वच्छ करावे, थोडी गाडी चालवावी आणि वरून खाली टॉर्चने पाहावे. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरली तर ओली रेघ उमटते. तरीही सापडले नाही, तर ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात.

पॅकिंग बदलणे हे अनेक गाड्यांत तास-दोन तासांचे काम आहे, पण ते बिघडते बोल्ट आवळण्यात. हे बोल्ट फार कमी ताकदीने आवळायचे असतात. पान्याने जोर लावला की पॅकिंग चिरडते, कव्हर वाकते आणि गळती परत सुरू होते. जुन्या पॅकिंगवर सिलिकॉन फासणे तर टाळावेच, कारण सुटलेले तुकडे चेंबरमधल्या ऑइलच्या जाळीत अडकतात. नवी सील लगेच गळू लागली, तर इंजिनात साचणारा वायू पुन्हा जळण्यासाठी इनटेककडे नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला आहे का ते पाहावे. तसे असेल तर आतला दाबच तेल बाहेर ढकलत असतो. क्रँकच्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ते काम क्लच बदलताना उरकून घेणे शहाणपणाचे.

वासासोबत ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. बॉनेटखालून दाट धूर निघत असेल तर सर्वांनी उतरून दूर व्हावे. बॉनेट पूर्ण उघडले की हवा मिळून आग भडकते आणि जळत्या तेलावर पाणी टाकले की ती पसरते.