कचग्रह, इजा आणि संमती : कामशास्त्रापासून ‘समाजस्वास्थ्य’पर्यंत

प्रास्ताविक

‘झिंज्या धरणे’, ‘झिंज्या उपटणे’ हे मराठी वाक्प्रचार भांडणातले आहेत. महाभारताच्या सभापर्वातील द्रौपदीच्या प्रसंगामुळे केसांना हात घालणे हे अत्याचाराचे प्रतीकच ठरले. परस्परांच्या इच्छेने, प्रणयात केस धरले वा ओढले जातात, ही बाब मात्र आपल्या लेखनात क्वचितच येते. प्राचीन कामशास्त्राने तिची नोंद घेतली होती. त्यातून होणारी इजा टाळण्याचा विचार कसा झाला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

ग्रंथांतील कचग्रह

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास रचलेल्या कामसूत्रात ‘कचग्रह’ हा शब्द येतो. तेथे नायिका नायकाचे केस धरून त्याचे मुख वर उचलते. सोळाव्या शतकाच्या सुमाराच्या कल्याणमल्लाच्या ‘अनंगरंगा’त केशग्रहणाचे चार प्रकार आहेत. त्यांपैकी ‘समहस्तक’ प्रकारात दोन्ही तळहातांनी केस धरले जातात. केस हळुवार हाताळावेत, अशीच या ग्रंथाची धारणा दिसते.

सातवाहन राजाचे उदाहरण

कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या सातव्या अध्यायात प्रणयातील आघातांचे विवेचन आहे. त्यात मस्तकावरील ‘कर्तरी’ या आघाताचा उल्लेख असून, कुंतल शातकर्णी सातवाहनाने त्याच आघाताने महादेवी मलयवतीचा प्राण घेतल्याचे सांगितले आहे. ही घटना ऐतिहासिक असो वा आख्यायिका, दख्खनच्या राजवंशाचे नाव येथे इशारा म्हणून आले आहे. एखाद्या प्रदेशात रूढ असलेली कृतीही धोक्याची असल्यास तेथेही टाळावी, असा वात्स्यायनाचा निर्णय आहे.

तथापि या विचाराची एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. ‘थांब’, ‘सोड’, ‘पुरे’ अशा अर्थाचे स्त्रीचे शब्द हाच अध्याय प्रणयातील उद्गारांतच मोजतो. त्यामुळे मर्यादा ओळखण्याची जबाबदारी आघात करणाऱ्याच्याच विवेकावर राहते. जिला वेदना होते तिच्या नकाराला निर्णायक स्थान मिळत नाही.

आधुनिक वैद्यकाचा दृष्टिकोन

सततच्या ताणामुळे होणाऱ्या केसगळतीला ‘ट्रॅक्शन ॲलोपेशिया’ म्हणतात. घट्ट केशरचना करणाऱ्या ग्रीनलंडमधील स्त्रियांत तिची नोंद 1907 मध्ये झाली. आरंभीच्या अवस्थेत ताण थांबविल्यास केस पुन्हा येतात; वर्षानुवर्षे ताण राहिल्यास केशमुळे नष्ट होऊन टक्कल कायमचे होते. रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक असते. म्हणून हाती आलेल्या चार केसांपेक्षा एकाच जागी विरळपणा, मुळाशी दुखणे वा पुटकुळ्या येणे ही लक्षणे अधिक महत्त्वाची होत.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. केसांची टोके वा पातळ बट न ओढता पंजा पसरून टाळूलगत भरपूर केस धरावेत, म्हणजे ताण अनेक मुळांवर विभागला जातो. हिसका देऊ नये. त्याने मानेलाही इजा होते. कपाळालगतचे व कानशिलावरचे नाजूक केस वगळावेत. ओले किंवा रासायनिक प्रक्रियेने सरळ केलेले केस लवकर तुटतात. दुखरी जागा पूर्ण बरी होईपर्यंत तेथे हात लावू नये. टाळूवर मऊ सूज आल्यास आत रक्त साकळलेले असू शकते. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. ‘नको’ या शब्दाचा अर्थ संदिग्ध राहू नये म्हणून थांबण्याची खूण आधीच ठरवावी, आणि ती मिळताच हात सोडावा.

‘समाजस्वास्थ्य’चा वारसा

असे प्रश्न विचारायचे कोणाला? मुंबईत र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 मधील निधनापर्यंत चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्वे यांना दंड झाला. शरीराविषयीची शंका ही आरोग्याची शंका आहे, हा त्यांचा आग्रह येथे मोलाचा ठरतो.

समारोप

संकोचामुळे रुग्ण केसगळतीचे खरे कारण लपवितो आणि उपचार लांबतात. उलटपक्षी, घरातील मारहाणही ‘प्रणय’ या नावाखाली झाकली जाऊ शकते. त्वचेवरील खुणांवरून हा भेद नेहमी कळत नाही. तो संबंधित व्यक्तीला मोकळेपणाने, एकांतात विचारूनच कळतो. धोक्याची जाणीव प्राचीन ग्रंथकारांना होती. तिला ज्याचे केस ओढले जातात त्याच्या शब्दाचा अधिकार जोडणे, हे आधुनिक काळाचे कार्य आहे. महाविद्यालयीन आरोग्यशिक्षणात या विषयाला स्थान मिळणे म्हणूनच आवश्यक वाटते.