प्रीतिभोजन

ख्रिस्ती मंडळीने एकत्र बसून प्रार्थनापूर्वक केलेले जेवण. प्रभुभोजनाचा संस्कार याहून वेगळा; आरंभीच्या काळात मात्र दोन्ही एकाच बैठकीत होत. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांना सोबतचा वाटसरू म्हणजे पुनरुत्थित येशू, हे भाकर मोडताना उमगते. प्रीतिभोजनामागची श्रद्धा तीच: एकत्र जेवताना येशू सोबत असतो.

आरंभीच्या करिंथ मंडळीत मात्र काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्या मंडळीला पत्रातून खडसावले: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

१३ ऑगस्ट १७२७ रोजी सॅक्सनीतील हेर्नहूटच्या, आपसातल्या वादांनी दुभंगलेल्या मोरेव्हियन वसाहतीने बेर्थेल्सडोर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेतले. नंतरही लोकांना एकमेकांची संगत सोडवेना, तेव्हा वसाहतीचा आश्रयदाता काउंट झिंझेनडॉर्फ याने आपल्या वाड्यातून त्यांना अन्न पाठवले. तिथून ही प्रथा नव्याने रुजली. जॉन वेस्लीने १७३७ मध्ये जॉर्जियात ती अनुभवली आणि पुढे मेथडिस्टांत आणली.

नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलमच्या मोरेव्हियन चर्चमध्ये आजही गोड पाव आणि दुधाच्या कॉफीचे मग बाकांवरून हातोहात पुढे सरकतात. सगळ्यांना मिळेपर्यंत कोणी घास घेत नाही. पौलाचे म्हणणे या थांबण्यात सर्वांत चोख पाळले जाते. महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांतही उपासनेनंतरच्या सामुदायिक जेवणाला प्रीतिभोजन म्हणतात.