स्मृतिभ्रंश आणि घरचीं माणसें

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे, कीं तिच्याआड एखादा रोग दडला असेल, अशी शंकाहि फारशी कोणास येत नाहीं. वृद्धाचें विस्मरण, तेच तेच प्रश्न, स्वतःच्याच घरांत ‘मला घरीं न्या’ म्हणून धरलेला हट्ट, यांस म्हातारचळ म्हणावयाचें. आणि ज्या पत्नीच्या, लेकीच्या वा सुनेच्या वांट्यास तो येईल तिनें तो निमूटपणें सोसावयाचा. या रोगाचा इतिहास चाळतांना तेथेंहि हीच व्यक्ति अंधारांत राहिलेली आम्हांस दिसते.

सन १९०१ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयांत ऑगुस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचें नांवहि नीट लिहितां येईना. डॉ. अल्झायमर यांनीं तिचीं उत्तरें टिपून ठेविलीं. १९०६ मध्यें ती वारल्यावर तिच्या मेंदूंतील विकृति त्यांनीं विद्वानांच्या सभेपुढें मांडिली. व १९१० मध्यें क्रेपेलीन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास अल्झायमरांचें नांव दिलें. रोगास नांव मिळालें. पण रोग्यास घरीं सांभाळणारास साह्य कोणीं द्यावें, हा प्रश्न दीर्घकाळ मागेंच पडला.

आपल्या देशांत १९९२ मध्यें केरळांत अशा कुटुंबांसाठीं संस्था निघाली. पुढें गोव्यांतील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक प्रयोग झाला व तो २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. आठवडाभर शिकवून तयार केलेलीं साधीं माणसें घरोघर जात, रोग समजावून देत, रोग्याची आंघोळ व जेवण कसें सांभाळावें, त्याच्या संतापास कसें तोंड द्यावें हें सांगत, आणि जरूर तेथें डॉक्टरांचें साह्य मिळवून देत. सुमारें निम्म्या कुटुंबांस हें साह्य प्रथम दिलें. सहा महिन्यांनीं तुलना करतां त्या घरांतील शुश्रूषा करणारांचें मनःस्वास्थ्य सुधारलेलें आढळलें. रोग्याच्या लक्षणांत मात्र खात्रीनें सांगण्याजोगा फरक पडला नाहीं.

हा निष्कर्ष आम्हांस निराशेचा वाटत नाहीं. हा रोग समूळ बरा करणारें औषध आजहि नाहीं. तेव्हां जें वांचवितां येतें तें वांचविणें हाच वैद्यकाचा धर्म होय. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ मध्यें मान्य केलेल्या योजनेंत शुश्रूषा करणारांच्या साह्यास स्वतंत्र स्थान मिळालें. तेंच स्थान गांवच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांतहि मिळालें पाहिजे. वृद्ध सासऱ्यांची नाडी पाहून झाल्यावर शेजारीं उभ्या असलेल्या सुनेस ‘तुम्हांला झोंप मिळते का?’ एवढें विचारण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं.