अर्धा सेकंद उशीर, आणि मागे फिरलेलं लिनक्स

एखादं ॲप अपडेट केलं आणि ते बिघडलं, की आपण म्हणतो, ‘जुनंच बरं होतं राव!’ पण नव्यावर जुनं टाकायला गेलात, तर अँड्रॉइड सरळ नकार देतं. त्याच्या लेखी व्हर्जनचा आकडा फक्त वाढायचा असतो. आजची गोष्ट आहे ती हाच आकडा अनेकांना उलटा फिरवावा लागला त्याची.

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर डेबियन लिनक्सवर पोस्टग्रेस डेटाबेसच्या वेगाची चाचणी करत होता. त्याला दिसलं, की एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनमध्ये लांबून शिरायची सोय, जरा रखडतेय. आधी ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८. अर्धा सेकंद! तुम्ही-मी सोडून दिलं असतं. त्यानं सोडलं नाही.

माग काढत तो एक्सझेड नावाच्या पॅकेजपाशी पोचला. फाइल दाबून लहान करणारं हे छोटंसं टूल बहुतेक लिनक्स मशीनवर असतं. लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं, पगाराशिवाय सांभाळत होता. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ नावाचं कुणीतरी मदतीला आलं. पुढे काही अनोळखी नावं कॉलिनच्या मागे लागली, की काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी हक्क द्या. हळूहळू टॅनच्या हातात नवं व्हर्जन काढायचा अधिकार आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आलं, मार्चमध्ये ५.६.१. दोन्हींत चोरदरवाजा होता. ज्याच्याकडे त्याची खास किल्ली, तो बाहेर बसून तो सर्व्हर हवा तसा चालवू शकला असता.

२९ मार्चला फ्रॉइंडनं हे जाहीर केलं. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेनं सांगितलं, की ५.४.६ सारख्या सुरक्षित व्हर्जनवर परत जा.

पण परत जायचं कसं? ज्यांच्याकडे ५.६.१ पोचलं होतं, त्यांची मशीन ५.४.५ ला ‘जुनं’ म्हणून आपणहून घेणारच नव्हती. मग डेबियननं जुनाच कोड नव्या नावानं पाठवला: ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. म्हणजे वरून ५.६.१, ‘खरंतर’ ५.४.५! मशीनला वाटलं अपडेट आलं, आणि ती गुपचूप मागे गेली.

मग खरा प्रश्न आला, नेमकं किती मागे जायचं? कारण टॅनचे हात ५.४ च्या कोडलाही लागले होते. जोई हेस या जुन्या डेबियन डेव्हलपरनं तर मागणी केली, की टॅन येण्याआधीच्या कोडपर्यंत जा. आकडा मागे नेणं सोपं होतं. विश्वास कुठपर्यंत मागे न्यायचा, हे ठरवणं अवघड होतं.

डेबियनचं स्टेबल व्हर्जन वापरणाऱ्यांना मात्र काहीच करावं लागलं नाही. तिथं नवं एक्सझेड पोचलंच नव्हतं. मे २०२४ मध्ये कॉलिननं स्वतः चोरदरवाजा उखडून ५.६.२ काढलं. जिया टॅन नक्की कोण, हे आजही जाहीर झालेलं नाही.

मंडळी, सिक्युरिटी अपडेट टाळू नका. पण अपडेटनंतर काही अर्धा सेकंद जरी रखडलं, तरी एकदा विचारा, ‘हे असं का?’ भेटूया पुढच्या भागात!