क्रिस्तपुराणांतील ‘बाप’ हें संबोधन

फादर थॉमस स्टीफन्सकृत क्रिस्तपुराणाचा विचार बहुधा त्यांतील मराठी भाषेच्या गोडीसाठीं अथवा गोमंतकांतील मुद्रणाच्या इतिहासासाठीं होत आला आहे. त्या ग्रंथांत ईश्वरास लाविलेल्या ‘बाप’ या एका शब्दाकडे प्रस्तुत लेखांत आम्ही पोथीसंग्राहकांचें लक्ष वेधूं इच्छितों. हा शब्द सिद्धान्त सांगण्यासाठीं आला आहे, कीं प्रार्थनेंतील हाक म्हणून, हा आमचा मुख्य प्रश्न आहे.

प्रथम ख्रिस्ती मताची मांडणी पाहूं. त्या धर्मांत ईश्वराचें पितृत्व दोन ठिकाणीं मुख्यत्वें येतें. पहिलें श्रद्धावचनांत. तेथें ईश्वर हा सर्वसमर्थ पिता व स्वर्गपृथ्वीचा कर्ता म्हणून सांगितला आहे. दुसरें, येशूनें शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंत. ती मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या व लूकच्या 11 व्या अध्यायांत आढळते. श्रद्धावचनांत पित्याविषयीं बोलणें आहे. प्रार्थनेंत पित्याशीं बोलणें आहे. नव्या करारांत ‘अब्बा’ हा अरामी शब्द तीन ठिकाणीं मूळ रूपांत राखिलेला आहे, व तीनही ठिकाणीं तो हाकेचाच आहे. योआखिम येरेमियास या जर्मन पंडितानें त्यावर विशेष भर दिला. तो केवळ बालकाचा बोबडा शब्द नसून प्रौढ मुलेंही तो वापरीत, असें जेम्स बार यांनीं 1988 सालीं साधार दाखविलें. म्हणजे तो घरांतला शब्द होता, पोरकट नव्हे. पौलानें तर मनुष्यास हा हक्क दत्तविधानानें मिळतो असें म्हटलें आहे. दत्तकाचे हक्क व वारसा यांचे कागद नित्य हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस या उपमेचें वजन सहज कळेल.

आतां ग्रंथाकडे वळूं. स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट 1579 सालीं गोव्यास उतरला. तेथून त्यानें त्याच वर्षीं आपल्या पित्यास धाडलेलें पत्र पुढें हॅकलूटच्या प्रवाससंग्रहांत छापलें गेलें. साष्टी प्रांतांत त्याचें आयुष्य गेलें व 1619 सालीं त्यास मृत्यु आला. पुराण 1616 सालीं राचोल येथें रोमी लिपींत छापलें. 1649 व 1654 सालीं पुन्हां छापलें. या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून 1907 सालीं मंगळूर येथें सालढाणा यांनीं आवृत्ति काढिली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत डॉ. जस्टिन अॅबट यांनीं 1923 सालीं उजेडांत आणली व तीच मूळ संहिता असें मत मांडिलें. पुढील अभ्यासकांनीं तें मत सर्वस्वी मान्य केलेलें नाहीं. 1956 सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुणें येथें हा ग्रंथ देवनागरींत प्रसिद्ध केला.

पहिल्या पुराणाच्या आरंभींच्या ओवींत ईश्वरास देव, बाप, सर्वसमर्थ व स्वर्गपृथ्वीचा रचणारा असें म्हटलें आहे. हा क्रम श्रद्धावचनाच्या पहिल्या कलमाशीं जुळतो, हें उघड आहे. परंतु ओवीचा आरंभ ‘ॐ नमो’ या पदांनीं होतो. रोमी लेखनांत ‘अ’ व ‘आ’ यांस सामान्यतः एकच अक्षर असल्यामुळें ‘बाप’ व ‘बापा’ हीं रूपें डोळ्यांस सारखींच दिसतात. निर्णय अक्षरावरून होत नाहीं. वाक्यरचनेवरून करावा लागतो. नमनाच्या ओवींत ज्यास वंदन त्यासच हाक, ही ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली रीत आहे. तेव्हां येथील पद, कोणत्याही रूपानें लिहिलें तरी, संबोधनाच्या अर्थाचें मानावें, असें आमचें मत आहे. तें मान्य केल्यास, श्रद्धावचनांतील कलम स्टीफन्सनें मराठी मंगलाचरणाच्या सांच्यांत घालून त्याची प्रार्थना केली, असा निष्कर्ष निघतो.

संस्कृत ‘पिता’ शब्द हाताशीं असतां ‘बाप’ कां? स्टीफन्सला संस्कृत शब्दांचें वावडें नव्हतें. पुराण त्यांनीं भरलेलें आहे. त्याच्या मृत्यूनंतर 1622 सालीं राचोल येथें छापलेल्या कोंकणी ‘दौत्रीन क्रिस्तां’ या प्रश्नोत्तररूप पुस्तकांतील प्रार्थनेंतही ‘बाप’ हाच शब्द आहे. मुलांनीं पाठ करावयाची प्रार्थना व पंडितांनीं ऐकावयाचें पुराण यांत शब्द एकच राहिला. शिवाय हा शब्द मराठी भक्तीस परका नव्हता. ज्ञानदेवांच्या नांवावरील अभंगांच्या मुद्रिकेंत विठ्ठलास ‘बाप’ म्हटलें आहे. ज्ञानेश्वरींत श्रीकृष्ण अर्जुनास ‘बापा’ म्हणून लोभानें हाक मारतो. ऐकणाऱ्याच्या कानास ही हाक ओळखीची होती.

तथापि या शब्दाची दुसरी बाजू इतिहासकारानें झांकूं नये. 1559 सालच्या राजाज्ञेनें गोव्यांतील हिंदूंचीं पोरकीं मुलें सेंट पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करून ख्रिस्ती करण्याची तरतूद झाली. पुढें आई हयात असतांही, केवळ बाप मेला म्हणून, हा कायदा लागू करण्यांत आला. नवख्रिस्त्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचें पोर्तुगीज नांवच मुळीं ‘ख्रिस्त्यांचा बाप’ या अर्थाचें होतें. म्हणजे साष्टींतील श्रोत्यास ‘बाप’ या शब्दानें जन्मदाता, सरकारी पालक व स्वर्गींचा ईश्वर असे तीन अर्थ सुचत असले पाहिजेत. पहिल्यास मुकलेल्या मुलास दुसऱ्याच्या हातीं देऊन तिसऱ्याची प्रार्थना शिकविली जात होती. सत्तेचा हा अन्याय ओवीच्या गोडीनें पुसला जात नाहीं. तशीच, ज्या पोरक्यांनीं ती हाक पुढें आपली म्हणून मारली, त्यांची भक्तीही या अन्यायामुळें खोटी ठरत नाहीं. दोन्ही गोष्टी नमूद केल्या पाहिजेत.

आज प्रचारांत असलेल्या मराठी बायबलांत ‘पित्या’ असें संबोधन आढळतें. गोमंतकांतील कोंकणी प्रार्थनेंत मात्र ‘बापा’ ही हाक अद्याप चालू आहे. गोमंतक व दक्षिण कानडा येथील जुन्या ख्रिस्ती घराण्यांत प्रार्थनांच्या हस्तलिखित वह्या असतील, त्यांच्या धन्यांस आमची विनंती आहे कीं, त्यांतील हा शब्द, त्याची विभक्ति व त्याचें लेखन जसेंच्या तसें उतरून प्रसिद्ध करावें. लिपिकारानें आपल्या काळाप्रमाणें केलेला बदलही सुधारूं नये. एका शब्दाच्या अशा पाठभेदांवरूनच त्या घरांत ईश्वरास कशी हाक मारीत, हें कळण्याजोगें आहे.